पावसाळ्यात काळवंडलेली आयव्ही : आधी कटिंग, मग कुंडी

प्रश्न : आम्ही फोंड्याला दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या डिसेंबरात पांढऱ्या कडांची आयव्ही आणली. रोप काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत होतं, ती तशीच चिनी मातीच्या शोभेच्या कुंडीत ठेवली. फेब्रुवारीपर्यंत छान वाढली. एप्रिलच्या उकाड्यात पानं मलूल वाटली म्हणून एसीच्या खोलीत नेली. तिथे पानं फिकट झाली, बारीक ठिपके आले, जाळी दिसू लागली. मी रोज पाणी घालते, पानांवर फवारतेही. जूनमध्ये मोकळी हवा मिळावी म्हणून बाल्कनीच्या कठड्याला टांगली. आता पानांवर काळे डाग आहेत, देठ काळे पडलेत, खालची पानं गळून वेलीचे नुसते दोरे उरलेत. टोकाची पानं तेवढी हिरवी आहेत, पण त्यांची पांढरी कड गेली. वाचेल का? की गोव्यात ही होतच नाही? घरात मांजर आहे, तिला काही अपाय?

उत्तर :

ताई, टोकं हिरवी आहेत ना, मग वेल पुढे चालू राहील. आत्ता कुंडीत आहे तेच रोप राहील याची मात्र खात्री नाही. म्हणून आजच्या आज टोकांची कटिंग घ्या आणि मगच कुंडीला हात लावा. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. आठ-पंधरा दिवस कुंडीतल्या रोपाला औषधं मारण्यात जातात आणि तोवर हिरवी टोकंही काळी पडतात.

कात्री धारदार हवी, पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेली. हिरव्या फांदीचा चार ते पाच इंचाचा तुकडा घ्यायचा. काप पेराच्या, म्हणजे जिथून पान फुटतं त्या गाठीच्या, पाव इंच खाली. एका तुकड्यावर तीन-चार पेरं आली पाहिजेत. अगदी शेंड्याचा लुसलुशीत दीड-दोन इंच भाग खुडून टाका, तो पाण्यात लवकर सडतो. खालचा तपकिरी, लाकडासारखा झालेला भागही नको, त्याला मुळं फुटायला फार वेळ लागतो. मधला, हिरवा पण वाकवल्यावर थोडा ताठ लागणारा भाग सगळ्यांत चांगला. खालच्या दोन पेरांवरची पानं काढून टाका. पेरापाशी बारीक खरखरीत टोकं हाताला लागतील. ती वेलीची भिंत धरायची मुळं. ती तयारच असल्यामुळे आयव्ही रुजवणं सोपं असतं. डाग पडलेलं एकही पान कटिंगवर ठेवू नका, आणि ज्या फांदीचा देठ काळा आहे ती फांदी घेऊच नका.

पाण्यात लावायची असतील तर प्रत्येक तुकड्याला वेगळी छोटी बाटली द्या. सगळी एका ग्लासात घातली आणि त्यातल्या एकीत रोग लपलेला असला, तर पाण्यातून तो सगळ्यांना होतो. पाणी दर दोन दिवसांनी बदला. दोन ते तीन आठवड्यांत पांढरी मुळं दिसतील. ती इंचभर झाली की कुंडीत लावा. पाण्यात वाढलेली लांब मुळं ठिसूळ असतात, मातीत नेताना तुटतात. आमच्या मते थेट कुंडीत लावणं अधिक बरं. धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) आणि पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) अर्धं-अर्धं घ्या, चार इंची कुंडीत पाच-सहा कटिंग लावा, खिडकीजवळ उजेडात पण उन्हाबाहेर ठेवा. बागकामाच्या पुस्तकांत वरून प्लास्टिकची पिशवी बांधायला सांगतात. थंड, कोरड्या देशांत ते ठीक. इथे श्रावणात हवा आधीच ओथंबलेली असते. पिशवी बांधलीत तर आत बुरशीच येईल.

आता कुंडी. आतली काळी कुंडी उचला आणि शोभेच्या कुंडीच्या तळाशी बघा. रोज पाणी घालत होता आणि बाहेरच्या कुंडीला भोक नाही, म्हणजे तळाला चहाच्या रंगाचं, कुजकट वासाचं दोन बोटं पाणी असणारच. वेलीची मुळं महिनोन् महिने त्यात उभी होती. पावसाळ्यात हे पाणी डासांनाही चालतं. आयव्ही नसली तरी शोभेच्या कुंड्यांचे तळ आठवड्यातून एकदा ओतून टाकत जा.

काळी कुंडी आडवी करून रोप अलगद बाहेर काढा. मुळांची गुंडाळी नळाखाली धुवा आणि एकेक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. चांगलं मूळ पांढरं किंवा सायीच्या रंगाचं असतं, ओढलं तरी टिकतं. सडलेल्या मुळाचं वरचं साल बोटांत निघून येतं, ओल्या मोज्यासारखं, आणि आत केसासारखा बारीक दोरा उरतो. अर्ध्याहून जास्त मुळांची ही गत असेल तर रोप सोडून द्या, कटिंगवर विसंबा. निम्म्याहून जास्त मुळं धड असतील तर सडकी सगळी कापा, वरच्या वेलीही तेवढ्याच प्रमाणात आखूड करा, कारण उरलेली मुळं लांब वेली पोसू शकणार नाहीत. मग नव्या मिश्रणात लावा. पहिल्या दिवशी पाणी द्या, नंतर माती वरून इंचभर सुकेपर्यंत थांबा. खत महिनाभर नको.

रोज पाणी घालण्यामागे तुमची माया आहे, पण आयव्हीची पानं त्या बाबतीत फसवतात. पान जाडसर, मेणचट असतं. पाणी कमी पडलं तरी ते गुलबक्षीसारखं मान टाकत नाही. म्हणून मलूल आयव्ही दिसली की तहान लागली असं धरून पाणी घालू नका. बहुतेक वेळा मुळं गुदमरलेली असतात. भिजलेल्या मातीत हवेच्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती मरतात, आणि मेलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. पान सुकतं ते यामुळे. त्यात आणखी पाणी ओतलं की उरलेली मुळंही जातात. एप्रिलमध्ये तुमची पानं मलूल वाटली तेव्हा हे सुरू झालं असावं.

पाणी कधी द्यायचं हे दिवस मोजून ठरत नाही. बोट पहिल्या पेरापर्यंत, साधारण इंचभर, मातीत घाला. कोरडं लागलं तरच द्या. त्याहून खात्रीची खूण म्हणजे कुंडीचं वजन. पाणी देऊन निथळल्यावर एकदा उचलून बघा, हाताला ते वजन लक्षात राहतं. पुढे कुंडी उचलताना हलकी लागली की वेळ झाली. दिलंत की तळातून वाहेपर्यंत द्या, पंधरा-वीस मिनिटांनी ताटली ओतून टाका. थोडं थोडं रोज दिल्याने वरची माती सतत ओली राहते आणि तळाचा क्षार धुतला जात नाही. फोंड्यात पावसाळ्यात सहा इंची कुंडीला आठवड्यातून एकदा पाणी पुरतं, कधी दहा दिवसही जातात. एसीच्या खोलीत तीन-चार दिवसांनी लागेल. पण हा फक्त अंदाज, शेवटचा शब्द बोटाचाच.

मातीबद्दल जरा खोलात जातो, कारण गोव्यात इथेच सगळं बिघडतं. अंगणातली तांबडी माती चिऱ्याची. सुपारी-नारळाला ती मानवते, पण कुंडीत पावसाने थापली जाते आणि उन्हाळ्यात विटेसारखी होते. आयव्हीला ती एकटी कधीही देऊ नका. तीन भाग कोकोपीट, दोन भाग पर्लाइट किंवा जाडसर नदीची वाळू, एक भाग गांडूळखत, आणि सहा इंची कुंडीला दोन चमचे कडुनिंबाची पेंड, एवढं पुरे. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू चुकूनही नको. कितीही धुतली तरी मीठ आणि शिंपल्यांचा चुना राहतोच. कोकोपीटची वीट बादलीत भिजवा, पिळा, पाणी फेका, आणि हे दोनदा करा. नारळाच्या सोडणात क्षार असतात. न धुता वापरलं तर महिन्याभरात पानांच्या कडा करपतात. घरच्या सोडणाचे तुकडे वापरायचे असतील तर ते पावसात दोन-तीन महिने भिजून काळे पडलेले घ्या.

कुंडी मातीची, सहा इंची, तळाला निदान एक अंगठ्याएवढं भोक असलेली. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवला की झालं. तळाशी खड्यांचा थर घालायची पद्धत घराघरांत आहे, ती सोडून द्या. बारीक मातीतून जाड खड्यांत पाणी सहज उतरत नाही. ते थराच्या वर, मातीतच अडून राहतं. म्हणजे मुळांना मिळणारी कोरडी जागा वाढण्याऐवजी कमी होते. चिनी मातीची कुंडी टाकून देऊ नका. तिच्या तळाशी लाकडाची दोन इंच उंच चकती ठेवा, म्हणजे आतल्या कुंडीचं बूड पाण्याला लागणार नाही. पाणी देताना मात्र आतली कुंडी बाहेर काढून मोरीत द्या.

आता एसीच्या खोलीत झालेला प्रकार. फिकट ठिपके आणि जाळी म्हणजे लाल कोळी. तो किडा नव्हे, कोळ्यांच्या जातीचा, अर्ध्या मिलिमीटरचा जीव. पानाच्या मागे राहून पेशींतला रस शोषतो, म्हणून पान वरून रवा शिंपडल्यासारखं दिसतं. खात्री करायची असेल तर पानाखाली पांढरा कागद धरा आणि टिचकी मारा. कागदावर धुळीचे कण पडतील. मिनिटभर बघत राहा. कण चालायला लागले तर तोच. बोटाने पुसलं की तांबूस-हिरवी रेघ उमटते. आयव्ही हे त्याचं सगळ्यांत आवडतं घर. एसीमुळे हवा कोरडी होते आणि तापमान पंचवीसच्या आसपास राहतं, त्यात त्याची पिढी दहा-पंधरा दिवसांत उभी राहते. बाहेरच्या तीस अंशांत तर आठवडाभरातच. म्हणूनच एकदा फवारून भागत नाही. अंड्यांना औषध लागत नाही, ती फुटली की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

उपाय असा. कुंडीचं तोंड प्लास्टिकने बांधा, रोप उलटं धरा आणि नळाच्या किंवा हातशॉवरच्या धारेखाली पानांच्या मागच्या बाजू दोन-तीन मिनिटं धुवा. अर्धे कोळी इथेच जातात. मग एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली सौम्य द्रव साबण आधी मिसळा, त्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल घालून खूप ढवळा, आणि संध्याकाळी पानांच्या मागून टपकेपर्यंत फवारा. आधी एकाच पानावर लावून दिवसभर थांबा, काही पानांना तेल सोसत नाही. मिश्रण दर वेळी ताजं करा, रात्रभर ठेवलेलं तेल वेगळं होऊन पान जाळतं. दर पाच दिवसांनी, एकूण चार वेळा. त्यातली एकही फेरी चुकवू नका. चार फेऱ्यांनंतरही कागदावर कण चालताना दिसले तर रोप बांधून कचऱ्यात द्या, इतर झाडांना लागण्याआधी. दुकानात गेलात तर मावा-तुडतुड्यांची औषधं पुढे करतील. त्यातलं इमिडाक्लोप्रिड कोळ्यावर चालत नाही. उलट, ते वापरल्यावर कोळी वाढल्याचंच दिसून आलं आहे.

बचाव याहून सोपा आहे. दर आठवड्याला एकदा पानं धुवायची. एसीचा झोत थेट पानांवर येऊ द्यायचा नाही. पानांवर पाणी फवारल्याने ओलावा काही मिनिटंच टिकतो, कोळ्याला त्याचा त्रास होत नाही, आणि पावसाळ्यात तर तेच पाणी डागांचं कारण ठरतं. फवारणीची बाटली बाजूला ठेवा. दोन-तीन कुंड्या जवळजवळ ठेवल्या तर त्यांच्या आसपासची हवा जरा दमट राहते, तेवढा फायदा घ्या.

काळ्या डागांचं म्हणाल तर दोन रोग आहेत आणि ओळख उजेडात होते. पान तोडून खिडकीकडे धरा. डाग तेलाच्या थेंबासारखा अर्धपारदर्शक, ओला, भोवती पिवळी कड आणि पुढे देठही काळा, तर जिवाणूंचा करपा. डाग कोरडा, तपकिरी, त्यात गोल गोल कडी आणि भिंगातून काळे ठिपके, तर बुरशी. तुमचे देठ काळे पडलेत, त्यामुळे आमचा कौल जिवाणूंकडे. कठड्याला टांगलेल्या कुंडीवर पावसाच्या झडी येतात, एका पानावरचा थेंब दुसऱ्यावर उडतो, आणि उष्ण, ओल्या हवेत हा रोग झपाट्याने पसरतो. दोन्हींत पहिलं काम एकच : पाऊस आणि उडणारं पाणी थांबवा. रोप आत घ्या, भिंतीपासून वीतभर लांब, पंख्याची हलकी हवा लागेल असं. डागाळलेली पानं देठासकट काढा, प्रत्येक कापानंतर कात्री पुसा, आणि ती पानं कंपोस्टमध्ये टाकू नका.

मग तांबं. कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, असलेल्या घरांत सुपारीच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) दर पावसाळ्याआधी मारतात, त्याच जातीचं औषध इथेही चालतं. कुंडीसाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड सोयीचं. 50 टक्क्यांची पूड 2.5 ग्रॅम एका लिटरमध्ये, दहा-बारा दिवसांच्या अंतराने दोन वेळा, बाल्कनीत, हातमोजे घालून, मांजर खोलीत बंद असताना. पडलेला डाग यातून जात नाही. नव्या पानांवर रोग बसू नये एवढंच त्याचं काम. कटिंगवर हे मारू नका.

पानाच्या मागे बुच्याच्या लाकडासारखे बारीक फोड दिसले तर घाबरू नका. तो रोग नाही. माती ओली आणि हवा दमट असली की मुळं पाणी ओढत राहतात पण पानातून ते उडत नाही, पेशी फुगून फुटतात. पाणी कमी करा, नवी पानं स्वच्छ येतील. आणि फांदीच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने एकेक टिपून काढा.

पांढरी कड जाण्याची कारणं दोन. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग अन्न तयार करत नाही. उजेड कमी पडला की वेल पूर्ण हिरवी पानं काढून तूट भरून काढते. पावसाळ्यात दाट ढग आणि बाल्कनीवर पुढे आलेलं छप्पर, दोन्ही मिळून उजेड फार उतरतो. दुसरं म्हणजे हिरवी फांदी एकदा फुटली की ती पांढऱ्या कडेच्या फांद्यांपेक्षा जोरात वाढते आणि त्यांना मागे टाकते. म्हणून पूर्ण हिरवी फांदी दिसताच जिथून फुटली तिथपर्यंत कापा. तुमच्याकडे आज फक्त हिरवी टोकंच उरली आहेत, त्यांची कटिंग हिरवीच येतील अशी शक्यता धरून चाला. दोरांपैकी एखाद्या पेरावर पांढरट कडेचा बारीक कोंब दिसला तर तो तुकडा जपून वेगळा लावा. आणि खरं सांगायचं तर गोव्यात हिरवीच आयव्ही जास्त टिकते, पांढरी नाजूक असते. दुःख करू नका.

उजेड किती? पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून दोन-तीन फुटांवर. दुपारी दिवा न लावता वर्तमानपत्र आरामात वाचता आलं पाहिजे आणि हाताची सावली अंधूक, मऊ कडेची पडली पाहिजे. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दहानंतरचं नको. पश्चिमेची खिडकी असेल तर पातळ पडदा. पावसाळ्यात खोली काळोखी असेल तर 12 ते 15 वॉटचा पांढरा एलईडी बल्ब फुटभर वर लावून दिवसाचे दहा-बारा तास चालू ठेवा.

आता तुमचा मोठा प्रश्न, गोव्यात ही होते का. आयव्ही युरोप आणि पश्चिम आशियातली. तिला 10 ते 21 अंश आवडतात, 27 पर्यंत ती निभावते. आपल्याकडे मे महिन्यात रात्रीही पारा सहसा 25-26 च्या खाली येत नाही. तिकडची पुस्तकं सांगतात की हिवाळ्यात पाणी कमी करा, खत थांबवा, वसंतात वाढ सुरू होते. ते इथे जसंच्या तसं केलंत तर नेमकं उलटं होतं. आपल्याकडे तिची वाढ दिवाळीनंतर सुरू होते आणि शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या, सुमारास थांबते. डिसेंबर-जानेवारीत रात्री वीस अंशांच्या आसपास येतात तेव्हा ती महिन्याला बोटभर नव्हे, वीतभर वाढते. तुमचाही अनुभव तोच आहे, फेब्रुवारीपर्यंत छान होती.

मग वर्षाचं गणित असं मांडा. चवथ ते दसरा, आत्ता घेतलेली कटिंग जपायची, पाणी बेताचं. पाऊस गेला की ऑक्टोबरच्या उकाड्यात उन्हापासून सांभाळायची. दिवाळीनंतर सहा इंची कुंडीत हलवायची, 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत एका लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आधी माती ओली करून. शेंडे खुडत राहायचे म्हणजे फुटवे येतात, नाहीतर वेल दोऱ्यासारखी लांबत जाते. मार्चमध्ये खत बंद, आणि त्याच महिन्यात पुन्हा पाच-सहा कटिंग घेऊन ठेवायची, घरातल्या सगळ्यांत गार खिडकीत. एप्रिल-मेमध्ये वाढीची अपेक्षा करायची नाही, फक्त जगवायची. एसीची खोली चालेल, दर आठवड्याला पानं धुणं चुकवायचं नाही एवढंच. जूनपासून छपराखाली. जुनं रोप पावसाळ्यात गेलं तर गेलं, मार्चची कटिंग आहेत. इथे आयव्ही ठेवणारी घरं ती अशीच ठेवू शकतात, दरवर्षी थोडी नवी करून.

करपलेल्या, तपकिरी कडांचं तुम्ही विचारलं नाही, पण मेमध्ये ते दिसेल. किनाऱ्यालगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याअखेर मचूळ होतं. फोंड्यात तो त्रास नसावा, पण मुरगाव, सासष्टी किंवा बार्देशच्या किनारी भागात राहणाऱ्या वाचकांनी लक्षात ठेवावं. कुंडीच्या काठावर पांढरी पुटं दिसली तर क्षार साचलेत. कुंडी मोरीत ठेवून तिच्या आकारमानाच्या तिप्पट-चौपट पाणी हळूहळू आरपार सोडा. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही बिनक्षाराचं असतं, चालतं.

कीड-रोग ओळखता आला नाही तर डागाळलेलं पान वर्तमानपत्रात गुंडाळून तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, तासाभरात ते घामाने सडतं आणि काहीच कळत नाही. फोटोंपेक्षा खरं पान बरं.

मांजराचं उत्तर : हो, अपाय होतो. आयव्हीच्या पानांत सॅपोनिन नावाची विषारी द्रव्यं असतात. मांजर किंवा कुत्र्याने पानं चावली तर लाळ गळते, उलट्या होतात, पोट बिघडतं. जास्त खाल्ली असतील तर पशुवैद्याकडे लगेच न्या, सोबत वेलीचा तुकडा घेऊन. कुंडी शेल्फवर ठेवून भागत नाही, मांजर चढतं, आणि लोंबणारी वेल तिला खेळायला बोलावते. छताच्या हुकाला टांगा आणि वेली मांजराच्या उडीच्या वर राहतील इतक्या छाटून ठेवा. छाटताना हातमोजे घाला. चीक कातडीला लागून काहींना खाज आणि पुरळ उठते, पहिल्या वेळी काही होत नाही आणि नंतर कधीतरी होतं. घरात रांगतं मूल असेल तर त्याच्या हाती लागू देऊ नका.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून किंवा रोपवाटिकेतून नवं रोप घेणार असाल तर आणखी एक सांगतो : आयव्ही या नावाने बरंच काही विकलं जातं. मनीप्लँटलाही काही जण आयव्ही म्हणतात, बोस्टन आयव्ही आणि स्वीडिश आयव्ही तर वेगळ्याच कुळांतल्या. तुमच्याकडच्या जातीचं पान तीन ते पाच टोकांचं, वर गडद आणि शिरा फिकट, फांदीला बारीक मुळं. घेताना पान उलटून मागची बाजू बघा, कुंडीच्या भोकातून मुळं काळी दिसतात का ते बघा. घरी आणल्यावर पंधरा दिवस इतर झाडांपासून वेगळं ठेवा. आणि डिसेंबरच्या आधी घेऊ नका.